आवाज न करणारं खेळणं

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्या वर्षी पंचांगात श्रावण दोन आले होते आणि पाऊस एकाही श्रावणात धड पडला नाही, म्हणून साल पक्कं लक्षात राहिलं. मी तेव्हा कंधारला एकटीच राहत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतली माझी नोकरी कधीच संपली होती. सकाळी झाडांना पाणी, दुपारी पेपर, संध्याकाळी विहारात वंदना, असे दिवस चालले होते. त्यात एका दुपारी उज्वलाचा फोन आला.

उज्वला माझी मुलगी. लातूरला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. तिचा नवरा आनंदराज महावितरणमध्ये, उदगीरला. शनिवारी येतो आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत जातो. त्यांना एकच मुलगी, लुंबिनी. तेव्हा ती पाच वर्षांची होती.

"आई, तू ये," उज्वला म्हणाली. "मालक रोज कुरकुर करायलेत. खोली सोडायला लावतील असं वाटायलंय."

"का? काय झालं?"

"लुंबिनी झाली. दुसरं काय होणार!"

ही खोली त्यांना कशी मिळाली ते मला माहीत होतं. दवाखान्याच्या जवळच सगळा शिकवण्यांचा भाग आहे. गल्लीगल्लीत अभ्यासिका आहेत, घराघरात भाड्यानं राहणारी मुलं, आणि भर दुपारी परीक्षा चालू असल्यासारखी शांतता. उज्वला आणि आनंदराज तिथं खोल्या बघत फिरले होते. दोन-तीन ठिकाणी आधी आडनाव विचारलं, मग खोली कालच गेली म्हणून सांगितलं. या घराचे मालक गुरुपादप्पा, त्यांनी आडनाव विचारलं नाही. पंच्याहत्तरीचे, उंच, कपाळाला विभूती लावलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "लेकरं किती?"

"एक."

"पोरगा का पोरगी?"

"मुलगी."

"मग बरंय. पोरी शांत असत्यात. खाली माझ्या नातीचा डॉक्टरकीचा अभ्यास हाय. डोक्यावर धाडधाड मला चालणार न्हाई."

आनंदराज अजून हसतो. म्हणतो, "मामी, आम्हाला खोली तुमच्या नातीच्या शांत स्वभावावर मिळाली."

मी लातूरला पोचले तेव्हा लुंबिनी दिवाणावरून खाली उडी मारत होती. मला बघून तिनं आणखी एक मारली. मग दोन पायांवर उड्या मारत माझी पिशवी स्वयंपाकघरात नेली. उज्वला ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू, हळू, अप्पा येतील." त्या घरात 'हळू' हा शब्द मी त्या दिवशी जितका ऐकला तितका शाळेतल्या सगळ्या नोकरीत ऐकला नसेन. आणि मी पहिली-दुसरीचे वर्ग घेतले होते.

रात्रपाळी असली की उज्वलाला चालत जाता-येता येईल अशी ही एकच जागा होती. लुंबिनीची शाळाही दोन गल्ल्यांवर. ही खोली गेली तर काय करायचं ते उज्वलानं ठरवून टाकलं होतं. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "मग लुंबिनीला तुझ्याकडं कंधारला ठेवावं लागंल. मी सुट्टीला येऊन भेटत जाईन."

नात माझ्याजवळ राहिली असती तर मला आवडलंच असतं. पण पाच वर्षांच्या लेकरानं आईला सुट्टीच्या दिवशी भेटायचं, हे मला गिळवेना. मी म्हटलं, "आधी खेळण्याचं बघू."

खेळणी घरात भरपूर होती. ती सगळी कपाटावर चढवून ठेवलेली होती, शिक्षा झाल्यासारखी. आनंदराजनं हौसेनं आणलेली मॅजिक कार होती. तिला पायडल नसतं, नुसतं स्टिअरिंग डावी-उजवीकडं फिरवलं की ती पळते. टाइल्सवरून तिची चाकं अशी घरघरायची की पहिल्याच दिवशी खालून काठीनं जिना वाजवला गेला. मग बॅटबॉल आला. चेंडू टप्पे खायचा, तो बंद. मग कमरेत फिरवायची रिंग आली. ती लुंबिनीच्या कमरेत राहायचीच नाही, खाली पडून गोल गोल खणखणत राहायची. ती बंद. अंगण मालकांचं, तिथं भाडेकरूंनी जायचं नाही असं आधीच ठरलेलं. गच्चीला कठडा नाही. बाग लांब, ती फक्त रविवारी. शेवटी उज्वलानं लेकराच्या हातात मोबाइल दिला होता.

ते मला सगळ्यात वाईट वाटलं. मोबाइल दिला की लुंबिनी गप्प बसायची, तोंड उघडं, पाय दुमडलेले. मोबाइल काढला की अंगात साचलेलं सगळं एकदम बाहेर यायचं आणि ती दिवाणावर चढायची. वर्गात अशी मुलं माझ्याकडं दरवर्षी असायची. त्यांना मी पाण्याची बादली भरायला हापशावर पाठवायचे. दांडा चार वेळा दाबून झाला की ती बसून पाढे म्हणायची. इथं हापसा कुठून आणू?

मी दोन दिवस काही केलं नाही, नुसती तिच्याकडं बघत बसले. तिला पळायचं नव्हतं. फेकायचं-झेलायचंही नव्हतं. तिला उंच जायचं होतं आणि खाली यायचं होतं. पायरी, पाट, गादीची घडी, माझी मांडी, जे दिसेल त्यावर चढायची आणि उडी मारायची. म्हणजे खेळणं उडीचंच पाहिजे, हे मला कळलं. पण उडी आणि तीही आवाज न करता!

मी गंजगोलाईच्या बाजारात गेले. खेळण्यांचं एक मोठं दुकान गाठलं.

"काय देऊ आजी?" दुकानदार म्हणाला.

"पाच वर्षांच्या मुलीसाठी खेळणं. अंग हलवणारं."

"ही मॅजिक कार घ्या. लई चालतीय सध्या."

"आहे. आवाज होतो."

"बॉल?"

"आवाज होतो."

"दोरीवरच्या उड्या?"

"त्याचाही होणारच की."

त्यानं हात कमरेवर ठेवले. "आजी, तुम्हाला मुक्या लेकराचं खेळणं पाहिजे का?"

"लेकरू बोलू द्या. जमीन मुकी करणारं पाहिजे."

"असं खेळणं निघालं तर पहिलं मी माझ्याच घरी नेईन," तो म्हणाला. "डोक्यावर मेव्हण्याची तीन पोरं राहतेत."

शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईकही हसलं. मी रिकाम्या हातानं परत आले.

पुढं डोळे तपासायला मला नांदेडला जावं लागलं. थेंब घातलेले, सगळं धूसर दिसत होतं, तशीच वजिराबादेतून चालले होते. एका दुकानाच्या दारात नारिंगी रंगाचा घोडा टांगलेला दिसला. रबराचा, हवा भरायचा. त्याच्या पाठीवर बसायचं, कान धरायचे आणि टुणटुण उड्या मारत जायचं. मी तो दाबून बघितला. मऊ, गुबगुबीत. आणि मला एकदम आमचं गावातलं घर आठवलं.

आमचं घर माळवदाचं होतं. लाकडाच्या तुळया, त्यांवर फळ्या, त्यावर हातभर माती. आम्ही पोरं माळवदावर खेळायचो. कुणी टाच आपटली की खाली भाकरीवर माती पडायची आणि आजा ओरडायचा. पण कडब्याची पेंढी खालून वर टाकली, भुसकटाचं पोतं आपटलं, तरी खाली कुणाला पत्ता लागायचा नाही. म्हणजे कठीण वस्तू खाली ऐकू जाते, मऊ जात नाही. हे शहाणपण मी लहानपणी शिकले होते आणि तेच घेऊन मी घोडा विकत घेतला. घर आता स्लॅबचं आहे, मातीचं नाही, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

मी घोडा लातूरला आणला तेव्हा गणपती उठून एकच दिवस झाला होता. आनंदराजच्या सायकलच्या पंपानं आम्ही हवा भरली. लुंबिनी बसली. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत गेली, परत आली. वर काहीसुद्धा आवाज नाही. उज्वलानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी 'हळू' म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गुरुपादप्पा स्वतः वर आले होते. आजवर ते जिना वाजवायचे, वर कधी आले नव्हते. दारात उभे राहिले, एक हात चौकटीवर. पायात चप्पल नव्हती.

"काय चाललंय हे, बाई?"

"घोडा आहे, अप्पा. रबरी. आवाज नाही करत."

"आवाज न्हाई करत? खाली या एकदा, मग सांगा."

"अप्पा, लेकरू आहे..."

"लेकरू हाय ते मलाबी दिसतंय. माझ्या नातीचं वर्ष हाय, दुसऱ्यांदा बसायलीय परीक्षेला. दिवाळीपर्यंत दुसरी जागा बघा. मला वाईटपणा घ्यायचा न्हाई, पन घ्यावा लागला तर घेतो."

ते गेले. उज्वला भिंतीला टेकून खाली बसली. लुंबिनी घोड्यावरच होती, त्याचे दोन्ही कान धरून. तिनं विचारलं, "आज्जी, घोडा वाईट आहे का?"

मी म्हटलं, "नाही गं. घोडा चांगला आहे." आणि त्याची हवा काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात शिवांगी भेटली. गुरुपादप्पांची ही नात. आईवडील गावाकडं शेतात असतात आणि ही शिकवणीसाठी आज्जाजवळ राहते. पाठीवर भलं मोठं दप्तर, डोळ्यांखाली काळं. मला वाटलं, हिची माफी तरी मागावी.

"शिवांगी, वरच्या आवाजानं तुझ्या अभ्यासाचं नुकसान झालं असेल. आमचं चुकलं, बाळा."

"कुठला आवाज, आज्जी?"

"लुंबिनीच्या उड्यांचा. दुपारचा."

ती हसली. "दुपारी मी घरात कुठं असते? सकाळी क्लास, तिथून अभ्यासिका. दिवेलागणीला येते, जेवते आणि पडते. पहाटे उठून बसते तेव्हा तुमची लुंबिनी झोपलेली असते. आज्जा उगंच वरडायलेत. माझ्या नावावर."

ती सायकल काढून निघून गेली. मी फाटकातच उभी राहिले. नातीच्या अभ्यासासाठी ओरडायचं आणि नात तर घरात नाही. मग हा माणूस काल वर आला तो कुणासाठी? आणि अनवाणी का आला?

'खाली या एकदा' असं ते म्हणाले होते. म्हटलं, चला, जाऊन बघू.

दुपारी मी धपाटे केले. उज्वला घरीच होती. घोड्यात पुन्हा हवा भरून तिला सांगितलं, "मी खाली जाऊन बसले की थोड्या वेळानं लुंबिनीला घोड्यावर बसव."

"आई, तुला काय झालंय? आधीच ते..."

"बसव म्हणते ना. खालून कसं ऐकू येतं ते मला ऐकू दे."

गुरुपादप्पा समोरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. मला बघून अवघडले, पण "या" म्हणाले. धपाटे पुढं ठेवले. त्यांनी लगेच अर्धा मोडला, खाल्ला. म्हणाले, "तीळ घातलेत. आमची मायबी घालायची." मला बरं वाटलं. कुणी आपल्या हातचं निमूटपणे खाल्लं की माझ्या पिढीच्या माणसाला अजून बरं वाटतं.

आणि वर घोडा निघाला.

वर जे टुण वाटत होतं ते खाली टुण नव्हतं. धप्प. जरा थांबून पुन्हा धप्प. स्लॅबच्या पोटातून आल्यासारखा जड, बोथट आवाज, कानापेक्षा छातीत जास्त कळणारा. पण माझं लक्ष दुसरीकडं गेलं. भिंतीजवळच्या लोखंडी कपाटावर काहीतरी किणकिणलं. मी मान वर केली. कपाटावर एक पितळी तांब्या उपडा ठेवला होता. त्याच्या बुडावर स्टीलचा पेला. धप्प झालं की पेला तांब्यावर थरथरत होता.

गुरुपादप्पा उठले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. हात चौकटीवर ठेवला आणि तसेच अनवाणी अंगणात गेले. उघड्यावर, मधोमध जाऊन उभे राहिले आणि घराच्या माथ्याकडं बघत राहिले.

मला बसल्या जागी सगळं समजलं. समजायला फार हुशारी लागत नव्हती. तांब्यावर पेला मीही ठेवला होता.

त्र्याण्णवच्या सालात किल्लारीचा भूकंप झाला, तो अनंत चतुर्दशीची रात्र सरताना, पहाटे. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. आम्ही कंधारला. आमच्याकडं भिंतींना भेगा गेल्या, भांडी पडली, जीव कुणाचा गेला नाही. मी तीन वर्षांच्या उज्वलाला पोटाशी धरून रस्त्यावर पळाले होते. त्यानंतर कितीतरी दिवस माणसं घरात झोपत नव्हती. आणि जी झोपत होती ती उशाशी तांब्या उपडा घालून त्यावर पेला ठेवायची. जमीन जरा हलली की पेला वाजेल, आपण जागे होऊ. कुणी शिकवलं माहीत नाही, पण घरोघरी होतं. गुरुपादप्पांचं गाव तर औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून हाकेच्या अंतरावर.

मी वर हाक मारून उज्वलाला थांबायला सांगितलं. मग अंगणात गेले.

"अप्पा," मी म्हणाले, "आमच्या घरात तांब्या कपाटावर नव्हता, उंबऱ्याजवळ होता."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "कवर ठेवला?"

"उज्वलाचं लग्न होईपर्यंत. मग जावई हसतील म्हणून काढला."

"मी काढला न्हाई," ते म्हणाले.

बाजेवर बसले. मी पायरीवर बसले. मग ते आपणहून बोलायला लागले, फाटकाकडं बघत.

"लोक म्हणतेत जमीन हलली. मला खालून काईच कळलं न्हाई, बाई. मला वरून आवाज आला. माळवदावर कुणीतरी धावल्यावानी. मला वाटलं, गणपतीची पोरं, अजून झोपली न्हाईत, चढली असतील वर. मी शिवी दिली. 'उतरा खाली' म्हणून वरडत दारात आलो. उंबऱ्याच्या भाईर एक पाय पडला आन्..."

पुढचं ते बोलले नाहीत. ते मला नंतर शिवांगीकडून कळलं. घरात त्यांची आई आणि धाकटा भाऊ होता.

"हे घर मी सोता उभं राहून बांधलं," ते म्हणाले. "सळया मोजून घातल्या. वरचा मजला पोरानं चढवला, भाड्यासाठी. मला कळतंय की, लेकरू खेळतंय. कळतंय. पन तो पेला वाजला की पाय थांबत न्हाईत. शिवांगीला सांगू नका. आज्जा आपल्या अभ्यासासाठी भांडतो असं तिला वाटतंय. तेच बरंय."

घाबरू नका असं त्यांना सांगण्याचा मला अधिकार नव्हता. मी एवढंच विचारलं, "वर कोण धावतंय ते आधी कळलं तर?"

"म्हंजी?"

"लुंबिनी तुम्हाला विचारून उडी मारील."

ते पहिल्यांदा हसले. "पाच वर्षांचं लेकरू विचारून उडी मारंल?"

"बघू तर खरं."

मी वर जाऊन लुंबिनीला समजावलं. अप्पांना अचानक आवाज झाला की दचकायला होतं, म्हणून आधी विचारायचं. तिनं का, कशाला काही विचारलं नाही. हा तिला नवा खेळच वाटला. जिन्याच्या तोंडाशी जाऊन ती खाली ओरडली, "अप्पाऽऽ, उडी मारू का?"

खाली शांत. मी जिन्याच्या कठड्यावरून वाकले. गुरुपादप्पा दारात उभे होते, हात चौकटीवर.

"अप्पाऽऽ!"

"मार," खालून आवाज आला.

धप्प. पेला किणकिणला असणार. पण त्यांचा हात चौकटीवरच होता, आणि पाय घरात.

"आणखी एक मारू का?"

"मार."

"आता घोड्यावरून मारू का?"

"मार."

"आता दिवाणावरून?"

त्या दुपारी आणि पुढचे काही दिवस हेच चाललं. लुंबिनीला उडीपेक्षा विचारण्याचीच गोडी लागली. उज्वला धसका घेऊन बसायची आणि मी तिला बसू द्यायचे. शेवटी एके दिवशी खालून वैतागलेला आवाज आला, "आगं किती येळ विचारतीस पोरी! घसा बसला माझा. खाली ये. हितं माझ्यासमोर मार काय मारायच्या त्या!"

लुंबिनी घोडा बगलेत मारून जिन्यावरून पळत गेली. अंगणात भाडेकरूंनी जायचं नाही, ही अट त्या दिवसानंतर कुणी काढली नाही आणि कुणी पाळलीही नाही.

घोडा अंगणातल्या शहाबादी फरशीवर फार दिवस टिकला नाही, त्याला खिळा लागला. पंक्चर काढून आणला, पुन्हा बसला. मग गुरुपादप्पा म्हणाले, "हे रबरबिबर काई खरं न्हाई. लेकराला चाक पाहिजे." ते सायकलवाल्याकडं गेले आणि जुनी लोखंडी रिंग घेऊन आले, तार नसलेली. एक वीतभर काठी तासली. स्वतः धोतर खोचून अंगणात चाक पळवून दाखवलं. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि चाक एकदाही पडलं नाही. लुंबिनी तोंड उघडं टाकून बघत राहिली, पण हे मोबाइल बघतानाचं तोंड नव्हतं.

आवाज न करणारं खेळणं शोधत मी लातूर-नांदेड एक केलं होतं. आणि घरमालकानं आपल्या हातानं आणलेलं खेळणं असं की फरशीवरून पळताना चार घरं दणाणावीत. शिवांगीला सणाची सुट्टी लागली, तशी ती पुस्तक हातात घेऊनच बाहेर आली.

"आज्जा! आता खरंच अभ्यास होईना!"

"मग आधी काय होत होतं?" गुरुपादप्पा म्हणाले आणि माझ्याकडं बघून गप्प झाले.

"द्या इकडं," शिवांगी म्हणाली. पुस्तक बाजेवर टाकून तिनं काठी घेतली. तिला ते जमेना. चाक दोन हात गेलं की आडवं पडायचं. लुंबिनी तिला शिकवत होती, "दीदी, त्याच्याकडं बघू नको, पुढं बघ." संध्याकाळी तासभर चाक आणि मग अभ्यास, असं त्या दोघींचं ठरून गेलं.

दिवाळी आली. आम्ही सगळे जिन्याकडं कान लावून बसलो होतो. जागेचं काही निघतं का म्हणून. गुरुपादप्पा वर आले, चप्पल घालून. एका डब्यात शेव आणि करंज्या होत्या. जागेविषयी बोलले नाहीत. जाता जाता म्हणाले, "वेळ अमावस्येला शेतात यायचं. सगळ्यांनी. बाई, तुम्हीबी."

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूर ओस पडतं, सगळी माणसं रानात जातात. माझ्या लहानपणी आम्हीही जायचो, पण दुसऱ्यांच्या रानात. बांधावर उभे राहायचो आणि वरून आमच्या भांड्यात आंबील ओतली जायची. माझे वडील छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आमचं ते जाणं बंद झालं. पुढच्या वर्षी मी जन्मले, म्हणून माझं नाव पंचशीला. पण पोरं ऐकतात थोडीच! वडिलांची नजर चुकवून आम्ही भावंडं पुढंही बरीच वर्षं बांधापर्यंत जायचोच. म्हणून जावं की न जावं, माझं दोन दिवस ठरत नव्हतं. लुंबिनीनं ठरवलं. ती सकाळीच चाक घेऊन फाटकात उभी होती.

पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीसमोर आम्हाला पंगतीत बसवलं. भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. मला वाढायला शिवांगीची आई वाकली तेव्हा मी ताट जरा उचललं, जुनी सवय. ती म्हणाली, "असू द्या की बाई, खालीच असू द्या." मी ताट खाली ठेवलं.

जेवणं झाल्यावर लुंबिनी बांधावर चढली. काळ्या रानात ज्वारी उभी होती. तिनं सवयीनं हाक मारली, "अप्पाऽऽ, उडी मारू का?"

गुरुपादप्पा कोपीच्या सावलीत कलंडले होते. "हितं खाली कोन राहतंय, पोरी?" ते म्हणाले. "मार की. दिवसभर मार."

तिनं मारली. काळ्या मातीत पाय रुतले, आवाज काही झाला नाही.

या सगळ्याला आता बरेच दिवस झाले. शिवांगीला डॉक्टरकी मिळाली नाही. ती नांदेडला फिजिओथेरपी शिकते आणि मी डोळे दाखवायला गेले की भेटते. पहिल्यासारखं डोळ्यांखाली काळं नाही. आनंदराजची बदली झाली नाही, तो अजून शनिवारची वाट बघतो. उज्वला त्याच खोलीत राहते, रात्रपाळीला चालत जाते. घोड्यात हवा राहत नाही, पण लुंबिनी त्याला टाकू देत नाही. मी कंधारलाच आहे. तांब्या-पेला पुन्हा ठेवत नाही, पण रात्री भांडं वाजलं तर आधी छताकडं बघते.

नातीचं शिक्षण लातूरहून हललं तसे गुरुपादप्पा गावाकडं गेले. शेतात पत्र्याच्या खोलीत राहतात, वर मजला नाही. तब्येत बरी आहे. तांब्या आणि पेला बरोबर नेल्याचं शिवांगी सांगते. शहरातल्या घराच्या खालच्या मजल्यावर चार मुलं राहतात, परीक्षेची. कानांत सारखं काहीतरी घातलेलं असतं, त्यांना वरचं काही ऐकू जात नाही.

लुंबिनी आता तिसरीत आहे. उडी मारायची झाली की अजून जिन्याच्या तोंडाशी जाते आणि विचारते, "मारू का?" खालून कुणी उत्तर देत नाही. मग ती जरा थांबते, गुरुपादप्पांसारखा घोगरा आवाज काढून स्वतःच "मार" म्हणते, आणि उडी मारते.